परसातल्या कोंबड्यांचा फीडर: किलो नंतर, पाऊस आधी

प्रश्न असा आहे: गोव्यात डिचोलीजवळ घराच्या परसात आठ गावठी कोंबड्या आणि चार ग्रामप्रिया (परसात अंड्यांसाठी पाळायची सुधारित जात) आहेत. दिवसा त्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मोकळ्या फिरतात, रात्री खुराड्यात असतात. आतापर्यंत खाद्य ताटलीत दिलं जातं. त्यातलं बरंच मातीत जातं, पावसाळ्यात मॅशला (भरड दळलेल्या मिश्र खाद्याला) बुरशी धरते आणि रात्री घुशी येतात. तेव्हा पंधरा दिवसांचं खाद्य एकदम मावेल असा फीडर विकत घ्यावा, की पीव्हीसी पाइपचा घरी करावा?

पंधरा दिवसांचा फीडर घेऊ नका. विकतचा असो वा घरचा, गोव्यात फीडरची क्षमता ही जमेची बाजू ठरत नाही. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतला दमटपणा ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असतो. गिरणीतून आलेल्या चांगल्या मॅशमध्ये १०-११ टक्के ओल असते. ती १३-१४ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी वाढायला सुरुवात होते. खुल्या फीडरमधलं मॅश आपल्याकडच्या जुलैच्या हवेत काही दिवसांतच ती मर्यादा ओलांडतं, त्यावर पावसाचा थेंबही पडावा लागत नाही. म्हणून पहिला नियम: फीडरमध्ये एका दिवसाचं, फार तर दोन दिवसांचं खाद्य असावं आणि रात्री तो रिकामा किंवा घरात असावा. एवढं पाळलंत तर साधा, स्वस्त फीडरही उत्तम चालतो. हे पाळलं नाही तर महागडाही चालणार नाही.

आता तुमच्या कळपाला किती लागतं ते मोजू. बंदिस्त ठेवलेली ग्रामप्रिया अंड्यावर असताना दिवसाला १०० ते ११५ ग्रॅम खाते, गावठी कोंबडी ८० ते ९० ग्रॅम. दिवसभर कुळागरात फिरून किडे, गवत, पडलेलं धान्य टिपत असतील तर वरून ६०-७० ग्रॅम पुरतं. म्हणजे बारा जणींना मोकळ्या दिवशी पाऊण किलो आणि धो धो पावसात खुराड्यात अडकलेल्या दिवशी सव्वा किलोच्या आत. एवढ्यासाठी १०-१२ किलोचा डबा कशाला? दीड ते तीन किलो मावणारं भांडं पुरेसं आहे.

क्षमतेपेक्षा जास्त महत्त्वाची आहे ती तोंडाची जागा, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. खाद्य दिवसभर समोर असेल तर कोंबड्या आळीपाळीने येतात. अशा वेळी गोल फीडरच्या काठावर प्रत्येकीला ४-५ सेंटिमीटर पुरतात. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर होतो, म्हणजे बारा जणी त्यात आरामात बसतात. पण तुम्ही सकाळ-संध्याकाळ मोजून खाद्य देत असाल, आणि गोव्यात तेच योग्य आहे, तर सगळ्या एकाच वेळी तुटून पडतात. तेव्हा प्रत्येकीला किमान १० सेंटिमीटर हवेत. तोच ९४ सेंटिमीटरचा घेर आता नऊ जणींनाच पुरतो. उरलेल्या तिघी बाहेर राहतात, आणि त्या रोज त्याच तिघी असतात, कारण कळपातला मान ठरलेला असतो. खालच्या क्रमांकाच्या कोंबडीला चोच मारून हाकलतात, ती उष्ट्यावर जगते, तिची अंडी आधी कमी होतात आणि मग बंद पडतात. आजारी समजून तिला औषधं दिली जातात, पण तिला कमी पडत असते ती जागा.

मग एक मोठा फीडर घेण्याऐवजी दोन छोटे घ्या आणि एकमेकांपासून किमान दीड-दोन मीटर लांब, शक्यतो मध्ये एखादा खांब किंवा आडोसा येईल असे ठेवा. दांडगी कोंबडी दोन्हीकडे एकाच वेळी पहारा देऊ शकत नाही. तुमच्याकडे गावठी आणि ग्रामप्रिया एकत्र आहेत, त्यामुळे दोन फीडरचा दुसराही फायदा आहे: दोन उंची ठेवता येतात.

उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण सांडणाऱ्या खाद्याचं मुख्य मूळ तिथेच आहे. फीडरचा काठ उभ्या कोंबडीच्या पाठीच्या रेषेत असायला हवा. काठ खाली असेल तर ती चोचीने खाद्य ओढून जमिनीवर फेकते, पायाने उकरते, आत उभी राहते. वर असेल तर लहान कोंबड्यांना मान ताणावी लागते आणि त्या कमी खातात. सडपातळ गावठीची पाठ बहुधा २० ते २२ सेंटिमीटरवर येते, ग्रामप्रियेची थोडी वर, वनराजासारख्या भारी कोंबडीची २५ सेंटिमीटरच्या पुढे. पण अंदाज करू नका. कोंबडी शांत उभी असताना शेजारी काठी धरा, पाठीपाशी खूण करा आणि त्या खुणेला काठ बसवा. कळप मिसळलेला असेल आणि फीडर एकच असेल तर अंड्यावरच्या सगळ्यात लहान कोंबडीचं माप धरा.

दुसरं मूळ म्हणजे फीडर काठोकाठ भरणं. कुक्कुटपालनाच्या शिक्षणात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत: लांब पात्र पूर्ण भरलं तर ३० टक्क्यांपर्यंत खाद्य वाया जातं, दोन तृतीयांश भरलं तर १० टक्के, निम्मं भरलं तर ३ टक्के आणि एक तृतीयांश भरलं तर साधारण १ टक्का. आपल्या परसात आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण उतार असाच राहतो. म्हणून खाद्याचा थर कधीही पात्राच्या एक तृतीयांशाहून वर नको. गोल लटकत्या फीडरमध्ये हाच थर नळी आणि ताट यांच्यातल्या फटीने ठरतो. फट कमी-जास्त करायचे खाचे किंवा स्क्रू आतल्या सळईवर असतात. ताटात २-३ सेंटिमीटर थर राहील इतकीच फट ठेवा. फीडर विकत घेताना ही सोय आहे का ते दुकानातच उघडून पाहा. नसेल तर तो घेऊ नका.

तिसरं मूळ: निवडून खाणं. भरड मॅशमध्ये मक्याचे तुकडे आणि भुकटी वेगवेगळी दिसते. कोंबडी भुकटी बाजूला उडवून मका शोधते. त्यातली जीवनसत्त्वं, क्षार आणि पेंडीचा बारीक भाग नेमका भुकटीत असतो. यावर उपाय दोन. एक तर क्रंबल (गोळ्या फोडून केलेलं दाणेदार खाद्य) घ्या, त्यात प्रत्येक कणात सगळं सारखं असतं. नाहीतर मॅशच देत राहा, पण दुपारी ताटात भुकटी उरली असेल तर नवीन घालू नका. तीच भुकटी वेगळ्या पसरट भांड्यात थोड्या पाण्याने किंवा ताकाने भिजवून लगेच द्या. वीस मिनिटांत संपेल एवढीच भिजवा. भिजलेलं मॅश आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन तासांत आंबतं. आणि ते नेहमीच्या फीडरमध्ये कधीच घालू नका, कोपऱ्यात राहिलेला ओला कण पुढच्या कोरड्या खाद्याला बुरशी लावतो.

आता प्रकारांकडे येऊ.

विकत घ्यायचा असेल तर लाल-पिवळा प्लॅस्टिकचा लटकता फीडर तुमच्यासाठी पहिली निवड आहे. तीन किलोपर्यंतचे दोन घ्या. ताटाला आडवे कप्पे म्हणजे जाळी असलेली बरी, त्यामुळे चोच आडवी फिरवून खाद्य उडवता येत नाही. वर उतरतं टोपण हवं, सपाट झाकणावर कोंबडी जाऊन बसते आणि वरूनच घाण करते. टांगण्यासाठी नायलॉनची दोरी वापरू नका, उंदीर कुरतडतात. जीआय तार किंवा साखळी घ्या आणि एस आकाराच्या हुकाने उंची बदलती ठेवा. फीडर मोकळा झुलत असेल तर प्रत्येक धक्क्याला सांडतं. तळाखाली एक वीट किंवा चिरा ठेवून त्याला जेमतेम टेकेल असा लटकवा, झुलणं थांबतं. तारेवरून डोंगळे उतरतात, त्यासाठी तारेच्या मधोमध बोटभर लांबीत ग्रीस फासा, पण कोंबडीचं डोकं पोहोचणार नाही इतक्या वर. पिसांना ग्रीस लागलं तर निघत नाही.

लांब पात्र हा त्याहूनही साधा प्रकार. दोन वेळा मोजून खाद्य देणाऱ्यासाठी माझ्या मते हाच सगळ्यात चांगला. गावात अजून बांबू उभा चिरून करतात. दोन पेरांचे सांधे दोन्ही टोकांना राहतील असा तुकडा घेतला की वेगळी बूच लागत नाही. बांबूचं पात्र एक-दोन पावसाळे टिकतं, मग आत काळं पडतं आणि ते धुऊनही जात नाही. त्या वेळी ते टाकून द्यायचं, वापरत राहायचं नाही. टिकाऊ हवं असेल तर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचं पात्र घरी करा.

त्याला ७५ सेंटिमीटर लांबीचा पाइपचा तुकडा, दोन टोकांच्या टोप्या, दोन लाकडी पट्ट्या, चार स्क्रू आणि वर फिरणारी एक काठी एवढंच लागतं. पाइपवर लांबीला समांतर दोन रेषा आखा, त्यांच्यातलं सरळ अंतर ७ ते साडेसात सेंटिमीटर ठेवा. हॅक्सॉने किंवा ग्राइंडरने त्या रेषांवर कापून वरची पट्टी काढून टाका. पाइपचा अर्धा भाग कापू नका. अर्ध्याहून कमी कापल्यामुळे दोन्ही काठ आपोआप आत वळलेले राहतात, आणि हा आत वळलेला काठच खाद्य बाहेर ओढू देत नाही. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत करा, नाहीतर तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी कापली जाते. टोप्या चिकटवू नका, नुसत्या दाबून बसवा, म्हणजे धुताना काढता येतात. पात्र दोन पट्ट्यांवर स्क्रूने बसवून पट्ट्या विटांवर ठेवा. विटा कमी-जास्त केल्या की उंची बदलते. वर काठापासून १० सेंटिमीटर अंतरावर एक गोल काठी दोन खिळ्यांच्या टोकांवर सैल ठेवा. कोंबडी बसायला गेली की ती फिरते, आणि बसता न आल्यामुळे आत शिटत नाही.

या पात्राचा हिशेब तुमच्या कळपाला नेमका बसतो. दोन्ही बाजू धरून तोंडाची जागा दीड मीटर, म्हणजे पंधरा कोंबड्यांची. तळापासून ३ सेंटिमीटर थर भरला तर सुमारे दीड लिटर खाद्य मावतं. मॅश लिटरला ६०० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे अंदाजे ९०० ग्रॅम. दोन वेळांत वाटलं तर थर त्याहून कमीच राहतो. भिंतीला लावून ठेवलं तर मात्र जागा निम्मी होते हे विसरू नका.

उभ्या पाइपचा फीडर, म्हणजे वर झाकण, खाली ९० अंशांचा कोपर आणि त्यातून खाणं, हा आजकाल सगळीकडे दिसतो. तुम्ही विचारलेला बहुधा हाच. गहू, भात, पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) यांच्यासाठी तो ठीक आहे. मॅशसाठी नाही. दमट हवेत मॅशचे कण एकमेकांना धरतात, पाइपमध्ये पूल तयार होतो, वर खाद्य दिसतं आणि खाली कोंबडी उपाशी. टिचकी मारली की एकदम कोसळतं आणि सांडतं. शिवाय कोपराच्या खोबणीत भुकटी दाबली जाते. तिथे चोच पोहोचत नाही, हात पोहोचत नाही, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. ११० मिलिमीटरच्या पाइपमध्ये दर मीटरला साधारण ५ किलो मॅश मावतं, म्हणजे सव्वा मीटरच्या पाइपात तुमचा आठवड्याचा साठा दमट हवेत उभा राहील. आणि एका तोंडाशी एकाच वेळी एकच कोंबडी खाते, बारा जणींना किमान तीन-चार पाइप लागतील. तरीही करायचाच असेल तर पेलेट वापरा, कोपर चिकटवू नका, पाइप भिंतीला क्लॅम्पने बसवा म्हणजे सोडवून धुता येईल, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीतभरच भरा.

रंगाच्या २० लिटर बादलीला भोकं पाडून ७५ मिलिमीटरचे कोपर बसवलेला फीडर सांडण्याच्या बाबतीत खरोखर चांगला आहे. कोंबडीला डोकं कोपरात घालून खावं लागतं, त्यामुळे उडवता येत नाही, आणि कावळ्यांना ते सहज जमत नाही. मात्र मोठा उभा तुरा असलेल्या कोंबड्याला ७५ मिलिमीटर अरुंद पडतात. त्यात १२ किलो मावतं म्हणून १२ किलो भरू नका. बंद बादली दुपारी तापते, पहाटे थंड होते, झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि ते खाद्यावर पडतात. तळाच्या मध्यभागी जिथे चोच पोहोचत नाही तिथे उलटी वाटी किंवा पत्र्याचा शंकू ठेवा, म्हणजे खाद्य कोपरांकडे सरकेल. रंगाची बादली घ्याल तर पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची, नीट धुतलेली. ऑइल पेंटची किंवा कीटकनाशकाची कधीच नको, कितीही धुतली तरी.

पायदानाचा फीडर, म्हणजे कोंबडी फळीवर उभी राहिली की झाकण उघडतं, तो उंदीर, कावळे आणि साळुंक्या यांच्यावरचा दिवसाचा उपाय आहे. तुमच्याकडे त्रास घुशींचा आहे, तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. मोठी घूस एक किलोच्या आसपास भरू शकते आणि तुमच्या लहान गावठी कोंबड्या सव्वा किलोच्या. पायदान घुशीला उघडणार नाही आणि कोंबडीला उघडेल असं बसवायचं तर फरक अगदी थोडा उरतो. भारी वनराजा असतील तर जमतं, हलक्या गावठींबरोबर अवघड आहे. झाकण झटक्याने मिटणारं असेल तर पिल्लं चिरडतात, म्हणून पिल्लं असलेल्या कळपात हा प्रकार नकोच. घेतलात तर पहिला आठवडा पायदानावर वीट ठेवून झाकण पूर्ण उघडं ठेवा, दुसऱ्या आठवड्यात अर्धं, मग वीट काढा, आणि त्या काळात दुसरं खाद्य देऊ नका. किनाऱ्यापासून जवळ राहणाऱ्यांनी, पेडणे, बार्देश, सासष्टीच्या समुद्राकाठच्या गावांत, साधा पत्रा घेऊ नये. खारं वारं बिजागरी लवकरच गंजवतं. तिथे स्टेनलेस किंवा प्लॅस्टिकच बरं.

घुशींचा खरा बंदोबस्त फीडरच्या जातीवर अवलंबून नाही. कोंबडी अंधारात खात नाही. म्हणजे सूर्यास्तानंतर बाहेर राहिलेला प्रत्येक कण उंदीर-घुशींसाठीच राहिलेला असतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की फीडर उचलून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामा करा आणि खाली सांडलेलं झाडून घ्या. सलग काही आठवडे हे झालं की घुशींना यायचं कारण उरत नाही. त्यांच्यामागे येणारी धामण आणि नागही कमी दिसतात. पावसाळ्यात हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे: उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो, आणि खुराड्याभोवतीच्या चिखलात आपण अनवाणी फिरत असतो. फीडरच्या परिसरात उंदीर येत असतील तर गमबूट घालूनच जा आणि फीडर धुतल्यावर हात साबणाने धुवा.

फीडर कुठे ठेवायचा? पडवीत किंवा खुराड्याच्या छपराखाली, पण पागोळ्यांच्या रेषेपासून किमान एक मीटर आत. आपला पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, छपराच्या कडेला ठेवलेलं भांडं छपराखाली असूनही भिजतं. ज्या बाजूने झड येते तिथे झावळीचा किंवा ताडपत्रीचा पडदा बांधा. पाण्याचं भांडं फीडरला चिकटून नको. ओली चोच मॅशमध्ये बुडते, काठावर लगद्याची खपली धरते. दीड-दोन मीटर अंतर पुरे, त्याहून फार लांबही नको. एप्रिल-मेमध्ये ही दोन्ही भांडी सावलीत हवीत, कारण दुपारी उन्हात ठेवलेल्या फीडरकडे कोंबड्या फिरकत नाहीत. त्या दिवसांत अर्धं खाद्य पहाटे उजाडताच द्या आणि उरलेलं ऊन कलल्यावर. दुपारी पोट भरून पचवताना कोंबडीच्या शरीरात उष्णता तयार होते आणि धापा वाढतात.

धुण्याची पद्धत ठरवून घ्या. कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दर तीन दिवसांनी. आधी खरवडून सगळा चिकटलेला भाग काढा, मग साबण, मग साधं पाणी. महत्त्वाचं काम त्यानंतर आहे: पूर्ण वाळवणं. जुलैमध्ये ऊन मिळत नाही, म्हणून दोन पात्रं आलटून पालटून वापरा, एक चुलीजवळ किंवा पंख्याखाली वाळत असताना दुसरं वापरात. ओल्या फीडरमध्ये खाद्य भरण्यापेक्षा न धुतलेला कोरडा फीडर एक दिवस चालवलेला परवडतो.

बुरशीबद्दल एक गोष्ट ठाम सांगावी लागते. खाद्याला कुबट वास आला, गाठी धरल्या, हिरवट किंवा निळसर झाक दिसली की ते पूर्ण टाकायचं. वरचा थर काढून खालचं देऊ नका, उन्हात वाळवून देऊ नका, शिजवून देऊ नका. अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या आचेवर नष्ट होत नाही. ते यकृतावर घाव घालतं, अंडी घटतात, कवच पातळ होतं, लशीचा परिणामही कमी होतो. मका, शेंगदाण्याची पेंड आणि आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी खोबऱ्याची पेंड यांत हा धोका जास्त. बदकं असतील तर ती कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर बळी पडतात. टाकलेलं खाद्य गाईला किंवा कुत्र्यालाही घालू नका, खड्ड्यात पुरा. पावसाळ्यात पोतं मोठं घेऊन स्वस्तात पडतं असं वाटतं, पण तुमच्या कळपाला दोन-तीन आठवड्यांचं, म्हणजे २० ते २५ किलो, एवढंच आणा. पोतं जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. डब्यात जुनं संपल्याशिवाय नवीन ओतू नका.

पिल्लांचा मामला वेगळा आहे. पहिले दोन-तीन दिवस कागदावर किंवा सपाट ताटलीत द्या, त्यांना शोधायला सोपं जातं. मग भोकांचं झाकण असलेलं छोटं लांब पात्र, दोन आठवड्यांपर्यंत प्रत्येकाला अडीच सेंटिमीटर, सहा आठवड्यांपर्यंत ५ सेंटिमीटर. गावठी कोंबडी पिल्लं घेऊन फिरत असेल तर मोठ्या कोंबड्या पिल्लांचं खाद्य फस्त करतात. त्यासाठी डालगं तीन चिऱ्यांवर पालथं ठेवा, खाली ५-६ सेंटिमीटर फट राहील असं, आणि आत पिल्लांचं पात्र. पिल्लं शिरतात, आई बाहेर राहते. साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत हे चालतं.

पिल्लांना लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) देऊ नका. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, अंडी न देणाऱ्या लहान पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. एकाच कळपात पिल्लं, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), कोंबडे आणि अंड्यावरच्या कोंबड्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढीच्या वयाचं, कमी कॅल्शियमचं खाद्य) द्या आणि कॅल्शियम वेगळ्या छोट्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती नेमकं तिथे जाऊन खाते. यासाठी बाजारचा शिंपल्यांचा चुरा आणायची गरज नाही. तिसऱ्या आणि खुब्यांची टरफलं घरात असतातच. ती उकळून, मास आणि मीठ जाईपर्यंत धुऊन, खडखडीत वाळवून पाट्या-वरवंट्याखाली २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे होतील इतकीच फोडा. पीठ करू नका. तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच बनत असताना कॅल्शियम मिळत राहतं, पिठाचं तसं होत नाही.  नारळाची करवंटी खांबाला कोंबडीच्या छातीच्या उंचीवर खिळवली तर हे भांडं फुकटात तयार होतं. तिला तळाशी छोटं भोक पाडून ठेवा, टरफलांना पाणी लागलं तरी चालतं, साचलं मात्र चालत नाही.

नवा फीडर बसवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक चाचणी घ्या. खाली स्वच्छ पोतं पसरा, सकाळी मोजून एक किलो खाद्य द्या, संध्याकाळी पोत्यावर सांडलेलं चाळून वजन करा. ५० ग्रॅमपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर आधी थर कमी करा, मग काठ वर घ्या, तरीही फरक पडला नाही तर क्रंबल वापरून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबून पुन्हा तोला, म्हणजे कशामुळे सांडत होतं ते कळतं. त्याच संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना प्रत्येकीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला पिशवी चाचपा. पोटभर खाल्लेलीची पिशवी भरलेली आणि लवचीक लागते. दोन-तीन जणींची रिकामी लागली तर फीडरची जागा कमी पडते आहे, दुसरा फीडर आणखी लांब न्या.